रेसलमेनिया ३ चं परीक्षण कसं लिहावं: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन व्यावसायिक कुस्तीवर लिहायला सुरुवात करायची असेल, तर डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीचा २९ मार्च १९८७ चा रेसलमेनिया ३ हा कार्यक्रम घ्या. मिशिगन राज्यातलं पॉन्टिअ‍ॅक सिल्व्हरडोम, एका दिवसात १२ लढती. त्यातली रिकी स्टीमबोट विरुद्ध रँडी सॅव्हेज ही 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या वार्तापत्राच्या पुरस्कारांत वर्षातली सर्वोत्तम लढत ठरली. वर्षातली सर्वात वाईट लढतही त्याच यादीत त्याच कार्यक्रमातली निघाली: हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. आणि स्टेडियम भरलं होतं ते या 'सर्वात वाईट' लढतीसाठी! या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे ज्याला वाचकाला समजावून सांगता येईल, त्याला त्या दशकातल्या कुठल्याही कार्यक्रमावर लिहिता येईल.

आधी एक गैरसमज बाजूला करू. लढतींचे निकाल आधी ठरलेले असतात हे कळलं की आपल्याकडे लगेच 'ही तर नुरा कुस्ती' असं म्हटलं जातं. नुरा कुस्तीत निकाली म्हणून तिकीट विकतात आणि प्रेक्षकाला फसवतात, म्हणून ती वाईट. व्यावसायिक कुस्तीत दोघं मिळून प्रेक्षकासमोर एक झुंज उभी करतात. ती किती पटली, हाच तिचा कस. त्यामुळे परीक्षणात 'कोण जास्त ताकदवान' हा प्रश्नच येत नाही. दोघांनी मिळून काय उभं केलं, आणि ते समोरच्यांपर्यंत पोचलं का, एवढंच बघायचं. १९८७ मध्ये मात्र हे सगळं उघड बोललं जात नव्हतं. खोटं खरं म्हणून जपायच्या या रिवाजाला 'केफेब' म्हणतात. कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटसमोर 'हे मनोरंजन आहे' असं सांगितलं ते १९८९ मध्ये. ते वाक्य यायला अजून दोन वर्षं होती, हे लिहिताना सतत लक्षात ठेवावं लागतं.

पाहण्याआधी: एक तासाची तयारी

पूर्ण कार्यक्रम मिळवा, सुमारे तीन तासांचा. निवडक क्षणांच्या तुकड्यांवरून परीक्षण लिहू नका. तुकड्यांमध्ये नेमकी तीच मिनिटं कापलेली असतात ज्यांच्यामुळे शेवटचा क्षण मोठा होतो. जुन्या कार्यक्रमांच्या नंतरच्या आवृत्त्यांत कधी प्रवेशाचं संगीत बदललेलं असतं, कधी मुलाखती गाळलेल्या असतात. आपण कुठली आवृत्ती पाहिली, ती किती मिनिटांची होती, हे वहीच्या पहिल्याच ओळीत लिहा. आणि कंपनीचं नाव तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं. डब्ल्यूडब्ल्यूई ती २००२ मध्ये झाली, तेव्हा १९८७ बद्दल लिहिताना जुनंच नाव वापरा.

मग प्रत्येक लढतीमागचं भांडण शोधा. सगळ्या १२ लढतींसाठी प्रत्येकी एक ओळ पुरे, पण मोठ्या दोन लढतींची पार्श्वभूमी नीट माहीत हवी. सॅव्हेजने ८ फेब्रुवारी १९८६ ला टिटो सँटानाकडून इंटरकाँटिनेंटल किताब, म्हणजे कंपनीचा दुसऱ्या क्रमांकाचा किताब, घेतला होता. पुढे त्याच वर्षी त्याने टीव्हीवरच्या एका लढतीत स्टीमबोटचा गळा कठड्यावर आपटला आणि वर रिंगची घंटा त्या गळ्यावर मारली. घंटा आणि गळा, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. लढतीत त्या पुन्हा येतात आणि त्या ओळखता आल्या नाहीत तर अर्धी लढत हातातून जाते. दुसरीकडे आंद्रे हा होगनचा जुना मित्र. १९८७ च्या सुरुवातीला रॉडी पायपरच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात तो खलनायकांचा व्यवस्थापक बॉबी हीनन याला घेऊन आला, होगनकडच्या मुख्य किताबासाठी आव्हान दिलं आणि होगनचा शर्ट फाडला. गळ्यातला क्रॉसही तुटला. तोपर्यंत आंद्रे हा सगळ्यांचा लाडका होता, त्यामुळे हे लोकांच्या जिव्हारी लागलं.

पहिल्यांदा पाहताना पेन खाली ठेवा

पहिल्या वेळी थांबवायचं नाही, मागे जायचं नाही, काही लिहायचं नाही. जमल्यास हेडफोन लावा, कारण या कलेचं मोजमाप रिंगमध्ये जेवढं आहे तेवढंच गर्दीच्या आवाजात आहे. खासबागेच्या मैदानात बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. डाव लागायच्या आधीच आखाड्याभोवतीचा आवाज बदलतो. इथेही तसंच होतं.

पॉन्टिअ‍ॅकचा आवाज मात्र थोडा फसवा आहे. सिल्व्हरडोमला हवेच्या दाबावर तोललेलं कापडी छत होतं आणि प्रेक्षक रिंगपासून फार लांबवर पसरलेले होते. बंदिस्त छोट्या सभागृहात आवाज अंगावर येतो, तसा तो इथे येत नाही. तेव्हा 'गर्दी थंड होती' असा शेरा घाईने मारू नका. त्याच कार्यक्रमातल्या दोन लढतींचा आवाज एकमेकांशी ताडून बघा. दुसऱ्या शहरातल्या कार्यक्रमाशी तुलना केली तर हमखास चुकाल. जागा इतकी प्रचंड होती की कुस्तीगिरांना रिंगच्या आकाराच्या छोट्या मोटारगाड्यांवर बसवून आणलं. त्या गाड्यांवर येणारा आंद्रे आणि वरून येणारा कचऱ्याचा मारा, हे दृश्य परीक्षणात यायलाच हवं.

दुसऱ्यांदा पाहताना: वही आणि घड्याळ

दुसरं पाहणं दुसऱ्या दिवशी करा. तीन तासांच्या कार्यक्रमाला पाच तास तरी धरा. वहीत पानाला पाच रकाने आखा: वेळ, काय घडलं, कुणी झेललं, गर्दी, समालोचन.

वेळ घंटेपासून घंटेपर्यंत मोजायची. प्रवेश, घोषणा, विजयानंतरचा जल्लोष यात येत नाही. काही लढतींत घंटा वाजायच्या आधीच मारामारी सुरू होते. तिथे घंटेपासूनच मोजा आणि आधीचे सेकंद वेगळे नोंदवा. स्वतः मोजलेली वेळ प्रसिद्ध वेळेपेक्षा चार-पाच सेकंदांनी वेगळी आली तर घाबरायचं कारण नाही. अर्धा मिनिट फरक आला तर तुमची आवृत्ती कापलेली आहे. या कार्यक्रमात स्टीमबोट-सॅव्हेज १४ मिनिटं ३५ सेकंद आणि होगन-आंद्रे १२ मिनिटं १ सेकंद. दहा मिनिटांवर गेलेल्या लढती या दोनच. बाराही लढतींची बेरीज सुमारे ८५ मिनिटं होते, म्हणजे तीन तासांतला निम्म्याहून जास्त वेळ प्रवेश, मुलाखती आणि वाट पाहण्यात जातो. हा वेळही परीक्षणाचा भाग आहे. तो कंटाळवाणा वाटला की पुढच्या लढतीची भूक वाढवणारा, तेही लिहा.

'कुणी झेललं' या रकान्याबद्दल थोडं सविस्तर. नवखा माणूस मारणाऱ्याकडे बघतो. तुम्ही मार खाणाऱ्याकडे बघा. ठोसा बसला की पडणारा कसा पडतो, दुखणारा भाग दोन मिनिटांनीही धरून बसतो का, की पाय मुरगळल्यावर पुढच्याच क्षणी धावायला लागतो? याला 'सेलिंग' म्हणतात. पाठीवर आपटून घेण्याला 'बम्प'. गर्दी ज्याच्या बाजूने ओरडते तो 'बेबीफेस', आणि जिच्यामुळे लोक चिडतात ती खलनायकी बाजू 'हील'. सुरुवातीला एवढे शब्द पुरतात. ते मराठीत असेच वापरा, पण लेखात पहिल्यांदा येतील तिथे अर्थ द्या.

समालोचन गोरिला मॉन्सून आणि जेसी व्हेंच्युरा यांचं आहे. व्हेंच्युरा मुद्दाम खलनायकांची बाजू घेतो, तेही असे मुद्दे काढून की कधीकधी तोच बरोबर वाटतो. त्यांचं बोलणं पुरावा म्हणून वापरू नका. ते कथेतलंच एक पात्र आहे. एखादी लढत समालोचनामुळे मोठी वाटते का, हे तपासायचं असेल तर तेवढी पाच मिनिटं आवाज बंद करून पाहा.

स्टीमबोट-सॅव्हेज: भरगच्च लढत कशी वाचायची

इथे नवा परीक्षक हमखास एक चूक करतो. डावांची यादी लिहितो. 'मग त्याने हे केलं, मग त्याने ते केलं.' वाचणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. डाव लिहायचे ते कारणासकट.

ही लढत तीन धाग्यांवर उभी आहे. पहिला धागा गळ्याचा. सॅव्हेज संधी मिळेल तिथे गळ्यावर घाव घालतो आणि स्टीमबोट सुरुवातीलाच दोन्ही हातांनी सॅव्हेजचा गळा धरून त्याला वर उचलतो. जुनी जखम आणि तिची परतफेड, दोन्ही एका हालचालीत. दुसरा धागा निसटण्याचा. प्रतिस्पर्ध्याचे खांदे टेकवले की पंच हाताने तीनपर्यंत मोजतो, तीन झाले की लढत संपते. या लढतीत कितीदा पंचाचा हात दोनवर थांबतो ते स्वतः मोजा. प्रत्येक वेळी पानावर एक रेघ ओढा आणि रेघेशेजारी मिनिट लिहा. मग दिसेल की त्या रेघा शेवटच्या टप्प्यात दाटत जातात. गर्दीला आता संपली असं वाटतं, संपत नाही, आणि पुढच्या वेळी आवाज आणखी वर जातो. तिसरा धागा घंटेचा. पंच आडवा झालेला असताना सॅव्हेज पुन्हा तीच घंटा घेऊन येतो. स्टीमबोटच्या कोपऱ्यातला जॉर्ज 'द अ‍ॅनिमल' स्टील त्याला वरच्या दोरीवरून ढकलून देतो. सॅव्हेज उठून स्टीमबोटला आपटायला उचलतो, आणि तेवढ्यात स्टीमबोट पाय अडकवून त्याची गुंडाळी करतो. एक, दोन, तीन. ज्या घंटेने भांडण सुरू झालं, तिच्याच मागे लागून सॅव्हेज किताब घालवतो.

एवढं दिसलं की लढत का गाजली ते वेगळं सांगावं लागत नाही. पार्श्वभूमी म्हणून एक गोष्ट जोडा: या दोघांनी, मुख्यतः सॅव्हेजच्या आग्रहाने, लढतीतला प्रत्येक डाव आधी क्रमवार लिहून पाठ केला होता. त्या काळी बहुतेक लढती शेवट ठरवून बाकीचं रिंगमध्येच सुचेल तसं रचत. हे माहीत झाल्यावर पुन्हा पाहा आणि विचारा: पाठ केलेलं कुठे दिसतं का? फारसं दिसत नाही, आणि हेच या लढतीचं सर्वात मोठं कौशल्य आहे.

होगन-आंद्रे: जिथे डाव मोजून उपयोग नाही

आता उलटी परीक्षा. आंद्रेची १९८६ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली होती. काळ्या पोशाखाखाली त्याने पाठीला आधार देणारा पट्टा बांधला होता. चालणंच अवघड असलेल्या माणसाकडून झपाट्याची कुस्ती होणार नव्हती. स्टीमबोट-सॅव्हेजची पट्टी इथे लावली तर दहा ओळींत लढतीचा निकाल लागेल, आणि ७०-८० हजारांवर माणसं उभी राहून का ओरडत होती याचं उत्तर मात्र मिळणार नाही.

इथे एकच प्रश्न धरून ठेवा: होगन त्याला उचलणार का? लढत या प्रश्नावरच रचलेली आहे. सुरुवातीलाच होगन उचलायला जातो, पेलत नाही, आंद्रे त्याच्या अंगावर कोसळतो आणि पंच जोई मरेलाचा हात तीनच्या इतका जवळ जातो की हीनन आणि आंद्रे पुढे महिनोनमहिने त्यावर वाद घालत राहिले. ही चित्रफीत थांबवून बघा, परीक्षणात त्या क्षणाला पूर्ण परिच्छेद द्या. प्रश्नाचं पहिलं उत्तर 'नाही' असं मिळालं आणि त्याची किंमत होगनच्या पाठीने मोजली. मग आंद्रे त्याला छातीशी आवळून धरतो. ही पकड फार लांबते. आजच्या नजरेला ती रटाळच आहे, तसं बेधडक लिहा. पण ती पकड पाठीवरच आहे, म्हणजे मघाच्या अपयशाशी जोडलेली आहे, हेही लिहा. रिंगबाहेर होगन जमिनीवरची गादी काढून आंद्रेला काँक्रीटवर डोक्यावर आपटायला बघतो आणि स्वतःच उलटा फेकला जातो. उचलण्याचा हाही प्रयत्न फसतो. शेवटी धावत येऊन मारलेल्या हाताने आंद्रे पहिल्यांदा आडवा होतो, आणि मग तो उचलला जातो. त्या क्षणी पडदा बघू नका, आवाज ऐका. त्यानंतर उडी मारून अंगावर टाकलेला पाय आणि चितपट हा नुसता उपचार आहे.

आमचं मत स्पष्ट आहे: कुस्तीचं काम म्हणून ही लढत दुबळी आहे, आणि तरी तिची रचना त्या कार्यक्रमातल्या सर्वात नेमक्या रचनांपैकी एक आहे. एका माणसाला काय जमत नाही हे ओळखून, जे जमतं तेवढ्यावरच उभी केलेली.

उरलेल्या दहा लढती

प्रत्येकीला दोन ते पाच ओळी पुरतात, पण एका लढतीतून दुसरीत जाणारे धागे सोडू नका. पाचव्या लढतीत ब्रुटस बीफकेकचा जोडीदार ग्रेग व्हॅलेंटाइन जिंकूनही त्याला रिंगमध्येच सोडून जातो. लगेच पुढच्या लढतीत एड्रियन अडोनिस पायपरला गुंगवणारी पकड घालतो, काम झालं समजून सोडतो, आणि त्याच बीफकेकने येऊन पायपरला शुद्धीवर आणलं म्हणून लढत फिरते. मग बीफकेक अडोनिसचे केस कापतो आणि त्याला पुढच्या कित्येक वर्षांची ओळख मिळते, 'द बार्बर'. पंधरा-वीस मिनिटांत एक माणूस खलनायकाचा नायक झाला. दोन लढती सुट्या सुट्या लिहिल्या तर हे निसटतं.

तसंच सातव्या लढतीचं. डॅनी डेव्हिस हा आधीचा लबाड पंच. ज्या लढतीत सँटानाने सॅव्हेजकडे किताब गमावला आणि ज्यात ब्रिटिश बुलडॉग्जने हार्ट फाउंडेशनकडे जोडीचे किताब गमावले, दोन्हींत तोच पंच होता. म्हणून सँटाना आणि बुलडॉग्ज एका बाजूला, डेव्हिस आणि हार्ट फाउंडेशन दुसऱ्या. हे माहीत नसेल तर सहा जणांची ही लढत नुसता गोंधळ वाटते.

किंग काँग बंडीच्या लढतीत बुटक्या कुस्तीगिरांना विनोदाचा विषय केलंय, आणि आयर्न शेखसारख्यांच्या वेशात परदेशी माणसाबद्दलचा तिरस्कार भांडवल म्हणून वापरलाय. हे तेव्हा चालत होतं असं म्हणून सोडून देऊ नका आणि त्यावर पानभर प्रवचनही नको. काय दाखवलं, गर्दी कशावर हसली, तेवढं नेमकं लिहा. कुस्तीगिरांचा उल्लेख स्वतः आदराने करा.

तारे देणं

शून्य ते पाच तारे, मध्ये अर्धे आणि पाव, ही प्रथा या क्षेत्रात रुजली ती ऑब्झर्व्हरच्या डेव्ह मेल्टझर यांच्यामुळे. नवख्यांनी पाव तारे वापरू नयेत. दहा-बारा कार्यक्रम लिहून झाल्यावरच तेवढा बारीक फरक आपल्याला खरंच जाणवायला लागतो. सुरुवातीला दोन वेगळे आकडे द्या: एक रिंगमधल्या कामाचा, एक परिणामाचा. स्टीमबोट-सॅव्हेजला आमच्या हिशेबी साडेचार आणि साडेचार. होगन-आंद्रेला दीड आणि पाच. दोघांची सरासरी काढू नका, ती काहीच सांगत नाही. आणि आकडा मजकूर लिहून झाल्यावर द्या. आधी दिला तर सगळा मजकूर त्या आकड्याची वकिली करत बसतो.

लिहायला बसताना

१८०० ते २५०० शब्द धरा. निम्मे शब्द दोन मोठ्या लढतींना, उरलेले बाकी सगळ्याला. कार्यक्रमाच्या क्रमानेच लिहायला हवं असं नाही, पण क्रम मोडलात तर प्रत्येक लढतीपुढे ती कितवी होती ते लिहा. स्टीमबोट-सॅव्हेज नववी, होगन-आंद्रे बारावी. मधल्या दोन लढतींनी गर्दीला श्वास घ्यायला वेळ दिला, हे त्यावरून वाचकाला कळतं.

प्रसिद्ध करण्याआधी पुढच्या चुका तपासा, कारण या कार्यक्रमाबद्दल त्या सतत छापल्या जातात. ९३,१७३ हा प्रेक्षकांचा आकडा कंपनीने जाहीर केलेला आहे. मेल्टझर यांच्या मते तो सुमारे ७८,०००. आकडा देताना कुणाचा ते सांगा. 'आंद्रे पंधरा वर्षं हरला नव्हता' ही जाहिरात. १९८६ मध्येच जपानमध्ये अँटोनियो इनोकीने त्याला हार मानायला लावली होती. 'आंद्रेला पहिल्यांदाच उचललं' हेही खोटं, खुद्द होगननेच त्याला १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये उचललं होतं, तेव्हा होगन खलनायक होता. ७ फूट ४ इंच आणि ५२० पौंड, म्हणजे २३६ किलो, ही आंद्रेची जाहीर केलेली मापं आहेत. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या पोरांनी कुस्तीगिरांच्या पत्त्यांवर उंची, वजन, छाती लावून डाव जिंकले, त्यामुळे ते आकडे डोक्यात पक्के बसलेत. लेखात मात्र 'जाहीर' हा शब्द जोडायला विसरू नका. आणि पंच. होगन-आंद्रेच्या पंचाच्या जागी हेबनर हे नाव पडतं, कारण १९८८ च्या त्यांच्या गाजलेल्या पुढच्या लढतीत हेबनर या जुळ्या पंच भावांचा घोळ होता. पॉन्टिअ‍ॅकमध्ये त्या लढतीला जोई मरेला होता, समालोचन करणाऱ्या मॉन्सूनचा मुलगा.

शेवटचं काम: लेखातल्या प्रत्येक 'गर्दी पेटली', 'गर्दी शांत झाली' या वाक्यापुढे वहीतलं मिनिट शोधा. ज्या वाक्याला मिनिट सापडत नाही, ते काढून टाका.